पावसांतलें नौका-प्रदर्शन

नौका पाहावयाची तर ती पाण्यावरच पाहावी, अशी आपली साधी समजूत असते. परंतु अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील सिएटल शहरीं दरवर्षीं ऐन हिवाळ्यांत शेंकडों नौका एका प्रचंड छपराखालीं कोरड्या जमिनीवर मांडतात, आणि बाहेर पाऊस पडत असतां हजारों माणसें त्या पाहावयास लोटतात. माझे वडील कांहीं वर्षांपूर्वीं हिवाळ्यांत माझ्याकडे तेथें राहावयास आले होते, तेव्हां आम्हीं दोघांनीं हें प्रदर्शन पाहिलें. शाळेच्या वार्षिकासाठीं कांहीं लिहून पाठवावें अशी गुरुजींची आज्ञा आली, तेव्हां त्या दिवसाखेरीज मला दुसरें कांहीं सुचेना.

माझे वडील हर्णैचे तांडेल. चाळीस वर्षें त्यांनीं समुद्रावर काढलीं आणि मासळीच्या पैशावर मला आपल्या शाळेच्या वसतिगृहांत ठेवून शिकविलें. मुलानें होडीवर पाय ठेवूं नये, हा त्यांचा एकच हट्ट होता. त्याचें कारण घरांत कोणी बोलून दाखवीत नसे. तें सर्वांस ठाऊक होतें. माझे धाकटे काका एके रात्रीं जाळें सोडतांना दोरांत पाय अडकून पाण्यांत ओढले गेले, ते पुन्हां हातीं लागले नाहींत. त्या वेळीं सुकाणूं माझ्या वडिलांच्या हातीं होतें.

सिएटलचा पाऊस आपल्या पावसासारखा नव्हे. वर्षाकाठीं तेथें सुमारें ३९ इंच पाऊस पडतो. आपल्या कोंकणांत त्याच्या दुपटीहून अधिक. पण आपला पाऊस गर्जत येतो आणि चार महिन्यांत हिशेब चुकता करून निघून जातो. तेथला पाऊस ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत न गर्जतां, न थकतां, चाळणींतून पीठ पडावें तसा पडत राहतो. डिसेंबरांत तर सूर्य साडेचाराच्या आंतच मावळतो. वडील तीन आठवडे खिडकीशीं बसून होते. त्यांना करमत नाहीं हें मला दिसे. पण बापलेकांनीं काय बोलावें, हें आम्हां दोघांसही उमगत नसे. शेवटीं प्रदर्शनाची जाहिरात पाहून मी त्यांना म्हणालों, “बाबा, होड्या पाहावयास येतां का?” ते तत्काळ उठून टोपी शोधूं लागले.

हें प्रदर्शन इ.स. १९४७ पासून चालत आलेलें आहे. पूर्वीं तें किंगडोम नांवाच्या घुमटाकार क्रीडागृहांत भरे. तें क्रीडागृह इ.स. २००० मध्यें सुरुंग लावून पाडलें. त्या जागीं नवें क्रीडांगण उभें राहिलें आणि त्यालगतच्या दालनांत आतां प्रदर्शन भरतें. दारांतून आंत शिरतांच वडील थबकले. समोर नौकांची रांगच्या रांग आधारांवर उभी होती. ज्यांचा तळ आपल्याला कधीं दिसत नाहीं त्यांचा तळ, पंखा, सुकाणूं, सारें उघडें होतें. नौकाविहाराचा हंगाम तेथें उन्हाळ्यांत असतो. म्हणून नवी नौका घेणें, जुनीची डागडुजी ठरविणें, यंत्रें व साहित्य पारखणें, हीं कामें लोक हिवाळ्यांत उरकून घेतात, असें मीं त्यांना समजावून सांगितलें. ते हंसून म्हणाले, “म्हणजे हा यांचा आषाढ!”

मला ती उपमा फार आवडली. आमच्याकडे पावसाळी बंदीच्या काळांत होड्या किनाऱ्यावर ओढून झांपांखालीं ठेवतात. जाळीं विणतात, फटी बुजवितात, तेल चोपडतात. नारळी पौर्णिमेस पाण्यांत जाणारी होडी वर्षभर तरणार कीं नाहीं, हें आषाढांत जमिनीवरच ठरलेलें असतें.

शयनगृहें व स्वयंपाकघरें असलेल्या श्रीमंती नौकांकडे वडिलांनीं ढुंकूनही पाहिलें नाहीं. मासेमारीच्या एका नौकेजवळ मात्र ते गुडघे टेकून बसले आणि बोटांच्या पेरांनीं तिचा तळ ठोकून, कान लावून ऐकूं लागले. मला संकोच वाटला. विक्रेता रागावेल म्हणून मी त्यांना उठविण्यास पुढें झालों. पण विक्रेता कौतुकानें म्हणाला कीं, नौका तपासणारे तज्ज्ञही असेंच करतात. कांचतंतूचें कापड व राळ यांचे थर एकमेकांवर चढवून या नौका घडवितात. थर कोठें सुटले असतील तर तेथला आवाज भरीव न येतां बद्द येतो. मीं हें सांगतांच वडील उद्गारले, “कुजल्या फळीचा आवाज तसाच येतो.” परक्या देशांत त्यांना प्रथमच कोणी आपल्या धंद्याचा माणूस भेटला होता. माझा संकोच मात्र माझ्याच अंगावर आला.

दुपारीं तेथें थंड पाण्यांत पडलेल्या माणसाविषयीं एक व्याख्यान होतें. सांगणाऱ्या बाई अलास्काच्या समुद्रावर मासेमारी केलेल्या होत्या. प्यूजेट साउंड या तेथील सागरी खाडीचें पाणी हिवाळ्यांत सुमारें ८ अंश सेल्सिअस असतें. अशा अतिथंड पाण्याविषयीं त्यांनीं एक सोपा आडाखा सांगितला: पहिलें १ मिनिट श्वास ताब्यांत आणण्याचें, पुढचीं सुमारें १० मिनिटें हातपाय उपयोगी पडण्याचीं, आणि शुद्ध हरपण्यास सुमारें १ तास. पण पोहणारा असला तरी हात निकामी झाल्यावर तो तासभर तरंगणार कशाच्या बळावर? साधारण प्रौढ माणसाचें डोकें पाण्यावर राहण्यास अवघा ७ ते १२ पौंडांचा जादा आधार पुरतो. तेवढा आधार लाइफ-जॅकेट देतें.

मी हें वाक्यावाक्यानें वडिलांना सांगत होतों. व्याख्यान संपल्यावर ते म्हणाले, “त्यांना विचार. पाणी ऊबदार आहे, रात्र आहे, माणूस चांगला पोहणारा आहे. जाळें तोडून होडी वळविण्यास अर्धा तास लागला. तर?”

मीं विचारलें. बाई क्षणभर त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “ऊबदार पाणी माणसाला तासन् तास वेळ देतें, पण तो वेळ त्याला तरंगत काढतां आला पाहिजे. लाटांत, अंगावरच्या कपड्यांनिशीं, अर्ध्या तासांत चांगला पोहणाराही दमतो.”

कांहीं करतां आलेंच नसतें असें सांगावें, असा मोह मला झाला. दुभाष्याच्या हातीं केवढी सत्ता असते, हें मला त्या क्षणीं कळलें. पण ज्यांनीं मला शिकविलें त्यांनाच खोटें सांगावयाचें? मीं उत्तर जसेंच्या तसें सांगितलें. वडील बराच वेळ गप्प होते. मग हळूच म्हणाले, “मला वाटे, मी उशिरां वळलों. तो थांबला असता रे. थांबायला त्याच्याजवळ कांहीं नव्हतें.”

इतक्या वर्षांत काकांविषयीं आम्ही बोललों तें हें पहिलें बोलणें.

बाईंनीं सांगितल्यावरून परततांना आम्ही फिशरमेन्स टर्मिनल या धक्क्यावर गेलों. अलास्काकडे जाणारीं अनेक मासेमारी जहाजें तेथें विसावतात. हें बंदर गोड्या पाण्याचें आहे. समुद्राहून तें उंचावर असल्यानें इ.स. १९१७ मध्यें खुल्या झालेल्या जलद्वारांतून जहाजें वर चढवून आंत घेतात. गोड्या पाण्यांत तळाला चिकटलेले सागरी जीव मरतात, हें ऐकून वडिलांनीं मान डोलावली. तेथें इ.स. १९८८ पासून एक स्मारक आहे: उंच खांबावर मासा ओढणारा दर्यावर्दी, आणि भोंवतीं समुद्रावर गेलेल्या सहाशेंहून अधिक लोकांचीं नांवें. वडिलांना ती लिपी वाचतां येत नव्हती. पावसांत उभे राहून ते ओल्या अक्षरांवरून बोटें फिरवीत होते.

दुसऱ्या दिवशीं आम्ही पुन्हां प्रदर्शनास गेलों आणि माझ्या चुलतभावाच्या होडीवरील सहा जणांसाठीं सहा लाइफ-जॅकेटें घेतलीं. पाण्यांत पडतांच आपोआप फुगणारीं जॅकेटेंही तेथें होतीं, पण “लाटेच्या शिंतोड्यांनींच फुगलें तर?” असें म्हणून वडिलांनीं आंत फोम भरलेलीं साधीं जॅकेटें निवडलीं.

पुढील श्रावणांत चुलतभावाचें पत्र आलें. पहिले कांहीं दिवस पोरांनीं त्या जॅकेटांची उशी केली होती. पट्टीचे पोहणारे आम्ही, हीं पोरांचीं खेळणीं कशाला, असें ते म्हणत. नारळी पौर्णिमेच्या दिवशीं मात्र माझे वडील तें जॅकेट अंगावर चढवून, सगळ्या बंदरासमक्ष, होडींत जाऊन बसले. कोणी हंसलें नाहीं. होडी सुटावयाची वेळ झाली, तरी ते जागचे हालेनात. अखेर उरलेलीं पांच जॅकेटें एकेकानें अंगांत घातलीं. मग त्यांनीं आपलें जॅकेट काढून माझ्या चुलतभावाच्या गळ्यांत घातलें, पट्टे स्वतःच्या हातांनीं आवळले, आणि ते किनाऱ्यावर उतरले.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यांपैकीं अनेकांचे वडील समुद्रावर जातात. तुम्ही या शाळेंत जें शिकतां, तें त्यांना घरीं जाऊन सांगा. आणि सांगतांना त्यांतलें एक अक्षरही सौम्य करूं नका.