कंसातले वारस

वेबपानावरच्या फॉर्ममध्ये 'वारस' याच नावाची पाच खोकी ठेवली आणि पाचही भरून पाठवली, तर ब्राउझर इमानदारीने पाचही पाठवतो. वाटेत काही सांडत नाही. पण पलीकडे सर्व्हरवर पीएचपी बसलेली असेल, तर ती पहिलं नाव लिहून घेते, दुसरं आलं की ते पहिल्यावर लिहिते, तिसरं दुसऱ्यावर. शेवटी हातात एकच उरतं, पाचवं. चूक झाल्याचं कुणी सांगत नाही. पान नीट उघडतं, छापील कागद नीट निघतो.

उपाय सोपा आहे. खोक्याच्या नावापुढे चौकटी कंस उघडायचा आणि लगेच बंद करायचा: 'वारस[]'. त्या रिकाम्या कंसाचा अर्थ इतकाच, की हे एक नाही, पुष्कळ असणार आहेत, सगळे ठेव. हे कळेपर्यंत नवशिक्याचा एक दिवस जातो, आणि मग जन्मभर विसरत नाही.

वारसांचं उदाहरण मी उगीच घेतलं नाही. वर्ध्यात काही वर्षं मी लहानसहान कामांचे प्रोग्राम लिहून पोट भरलं. त्यातलं एक काम कचेरीबाहेर टेबल टाकून बसणाऱ्या एका अर्जनवीसाचं होतं. त्यांच्याकडे आधीच कुणीतरी करून दिलेला प्रोग्राम होता. पहिल्या पानावर मयताचं नाव, मौजा, सर्व्हे नंबर, आराजी. दुसऱ्या पानावर वारस. तिसऱ्यावर सगळं तपासून छापायचं. मला बोलावलं ते वेगळ्याच तक्रारीसाठी. "पाहा ना भाऊ," ते म्हणाले, "बाई माझ्यासमोर उभी हाये, अन् कागद तिले मयत म्हणते."

वारसांची पाच नावं होती. पहिली ती बाई, मयताची बायको. मग दोन मुलगे, दोन मुली. दुसरा मुलगा बापाआधीच गेलेला, म्हणून त्याच्या, म्हणजे तिसऱ्या नावापुढे 'मयत' या चौकोनात खूण केलेली. (गेलेल्याचं नाव यादीत ठेवावं लागतं, कारण त्याचा हिस्सा त्याच्या बायकापोरांकडे जातो.) आता चेकबॉक्सची एक खोड आहे. खूण नसेल तर ब्राउझर 'नाही' असं पाठवत नाही, काहीच पाठवत नाही. त्यामुळे नावांच्या यादीत पाच जण पोचले आणि मयतांच्या यादीत एकच खूण. प्रोग्रामने पहिली खूण पहिल्या नावाला लावली. विधवा बाई मेली, आणि मेलेला मुलगा जिवंत झाला.

दुरुस्ती म्हणजे कंस रिकामा न ठेवता त्यात आकडा लिहायचा. मोजणी शून्यापासून, म्हणून तिसऱ्यासाठी 'मयत[२]'. त्याच्या आधी त्याच नावाचं एक लपवलेलं खोकं ठेवायचं, त्यात 'नाही'. खूण केली तर नंतर आलेलं 'हो' आधीच्या 'नाही'वर बसतं. शेवटचं तेवढं टिकतं ही सुरुवातीची खोड इथे कामी येते. न केलेल्या खुणेलाही आता तोंड असतं.

मग दुसऱ्या पानावरून तिसऱ्यावर जाण्याचा प्रश्न. सर्व्हरला मागचं पान आठवत नाही. प्रत्येक विनंती त्याला नवीच. यादी सेशनमध्ये ठेवा, किंवा एकेक नाव लपवलेल्या खोक्यात घालून पुढे न्या. घाईत अख्खी यादी एकाच खोक्यात कोंबली, तर पलीकडे नुसता 'अ‍ॅरे' हा शब्द निघतो. पाच माणसांचा एक शब्द. आपल्याकडच्या कागदांवर 'नामदेव वगैरे ५' लिहितात, तसं. आणि यादी लांबलचक असेल तर आणखी एक खड्डा: जानेवारी २०१२मध्ये आलेल्या पीएचपी ५.३.९पासून एका वेळी १००० खोकीच घेतली जातात. मुद्दाम प्रचंड फॉर्म पाठवून सर्व्हर बंद पाडणाऱ्यांसाठी ही मर्यादा घातली. ती वाढवता येते, पण आधी माहीत तर हवी. एका ओळीत ५ खोकी असली, तर अख्ख्या मौज्याची यादी भरताना साधारण २०० खातेदारांनंतरचे गायब, आणि त्याची नोंद फक्त अशा एका फाइलमध्ये, जी सहसा कुणी उघडत नाही.

हे सगळं करताना मला सारखा कागदच दिसत होता. वारसांची यादी कागदावरही अशीच एका फॉर्ममधून दुसऱ्यात जाते. कायद्याने तीन महिन्यांत कळवायचं. मग नाव गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत, चौकशीनंतर ६ मध्ये, म्हणजे फेरफारात, मग पंधरा दिवसांची नोटीस, आणि हरकत आली नाही तर प्रमाणित होऊन सातबाऱ्यावर. हे तलाठ्याचं काम. आमच्याकडे अजून पटवारीच म्हणतात, १९५६पर्यंत आम्ही मध्य प्रदेशातले ना. प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरवत आलं. सातबाऱ्यावर कुठे कुठे 'ए.कु.मॅ.' दिसतं: एकत्र कुटुंब मॅनेजर. घर अख्खं, नाव एकाचं. कंस द्यायचा राहिला की जे होतं, ते इथे रीतसर केलेलं.

आणि मुली. बापाच्या हिश्श्यात मुलीचा वारसा १९५६च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यापासून आहे. महाराष्ट्राने १९९४मध्ये तिला जन्मानेच सहदायाद केलं, पण आधी लग्न झालेल्यांना वगळून. ९ सप्टेंबर २००५पासून ती अट देशभर गेली, आणि ११ ऑगस्ट २०२०ला विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असण्याचीही गरज नाही. इतकं होऊनही जुन्या सातबाऱ्यांवर मुलगे भोगवटदाराच्या रकान्यात आणि मुली 'इतर अधिकारा'त, बोजा नि विहिरीच्या शेजारी. नावं हरवली नाहीत, हे खरं. दुसऱ्याच यादीत पाठवली.

प्रोग्राम होत आला तेव्हा अर्जनवीसांनी एक मागणी केली. मुलींच्या नावापुढे 'हक्कसोड' असा चौकोन द्या, आणि त्यात आधीच खूण असू द्या. "सोडतेतच ना त्या. दरवेळी कायले दाबायचं?" ते वाईट माणूस नव्हते. रोज बघत होते तेच सांगत होते. मी म्हटलं, हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं, चौकोनाने होत नाही. तरी चौकोन द्यायचाच तर रिकामा देतो, आणि रिकाम्याचा अर्थ 'हक्क आहे' असाच धरतो. ते हसले. पैसे मात्र पूर्ण दिले. पुढे त्यांनी तो चौकोन दुसऱ्या कुणाकडून भरून घेतला का, मी विचारायला गेलो नाही.

यशोदेच्या काठी आमचंही शेत आहे. आबाजी १९८७ला गेले. फेरफारात मोठे बाबा, बाबा आणि आत्या अशी तीन नावं आहेत. सातबाऱ्यावर भोगवटदार दोघंच. वाटणी कधी झाली नाही. आत्याने कधी काही मागितलं नाही, आणि घरात सगळ्यांनी त्या न मागण्यावर 'सोडलं' असं वाचलं. गेल्या दिवाळीत ती माहेरी आली होती. मोबाइलवर मी तिला सातबारा वाचून दाखवला.

"माझं नाव कोठी हाये, बाबू?"

"इतर अधिकारात."

"इतर म्हणजे कोण?"

मी खाली बोट सरकवून दाखवलं. तिच्या नावावरच्या ओळीत सोसायटीचं कर्ज होतं. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं, आणि मोठ्या बाबांना जेवायला वाढायला उठली. अर्ज कसा करायचा, हे तिने मला दुसऱ्या दिवशी बसथांब्यावर विचारलं.

मोठे बाबा रागावले, मग सही करून मोकळे झाले. बाबा काहीच बोलले नाहीत. नोटीस निघून अकरा दिवस झालेत. त्यांनी हरकत घेतलेली नाही, हो म्हटलेलं नाही. संध्याकाळी ओसरीवर बसतात, पटवाऱ्याची गाडी गेली की मान वर करून बघतात. चार दिवस उरलेत.