घे, आईशी बोल

आमच्या घरात फोनचा एक ठरलेला प्रोटोकॉल होता. मी पुण्याहून फोन लावायचा, इचलकरंजीत अण्णांनी उचलायचा, आणि मग:

"हां, बोल. जेवलास न्हवं? बरं. घे, आईशी बोल."

संपलं! पंधरा सेकंदांच्या वर कॉल गेला तर आम्ही नोंद करून ठेवावी अशी परिस्थिती. २००३ साली मी नोकरीसाठी पुण्यात आलो, तेव्हापासून हेच. माझ्या रूममेटचे वडील त्याच्याशी अर्धा-अर्धा तास गप्पा मारायचे. क्रिकेट, राजकारण, शेजाऱ्याची म्हैस, काहीही. मी गॅलरीत उभा राहून ऐकायचो आणि मनात म्हणायचो, आमच्या अण्णांना आपल्यात फारसा इंटरेस्ट नाही. एकदा हे डोक्यात बसलं की पुरावे आपोआप गोळा होत जातात. मीही केले. तब्बल तेरा वर्षं केले.

अण्णा यंत्रमागावर जॉबर होते. मागांच्या शेडमध्ये कधी गेला असाल तर तिथला आवाज वेगळा सांगायला नको. धोटा मिनिटाला शंभरावर वेळा इकडून तिकडे आपटतो, आणि असे पन्नास माग एका पत्र्याखाली. ९० डेसिबलच्या वर सहज जातो. रोज आठ तास ८५ च्या वरचा आवाज कानावर पडत राहिला तर धोका, असं आज आपण नेटवर वाचतो. अण्णांनी असे आठ तास पस्तीस वर्षं काढले, कानात फार तर सुताचा बोळा घालून. शेडमध्ये कुणी बोलून काही ऐकू येत नसे. सगळे एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायचे. अण्णा त्यात एक्स्पर्ट. चाळीस फुटांवरचा कामगार काय शिवी देतोय ते त्यांना कळायचं!

यातच सगळी गोम होती, पण माझ्या लक्षात आली नाही. अण्णा समोर बसले की व्यवस्थित बोलायचे. ते कानानं कमी आणि डोळ्यांनी जास्त ऐकत होते. फोनला कुठले ओठ?

२००९ मध्ये आईच्या हट्टानं त्यांना कानामागचं मशीन घेतलं. एकाच कानाला, कारण बजेट. मला वाटलं, आता प्रश्न सुटला. पण मशीन लावून मोबाईल कानाला लावला की अण्णा लगेच फोन लांब धरायचे आणि म्हणायचे, "घर्रर्र करतंय. घे, आईशी बोल."

तो घर्रर्र तुम्हीही ऐकलाय. आठवतंय का, कॉम्प्युटरच्या स्पीकरशेजारी मोबाईल ठेवला की कॉल यायच्या आधी "टिडिक टिडिक टिडिक" वाजायचं? तोच हा. जीएसएम फोन सलग ट्रान्समिट करत नाही. एक चॅनल आठ जणांत वाटलेला असतो, आणि आपल्या फोनला आठातला एकच स्लॉट मिळतो. त्यामुळे रेडिओ सेकंदाला सुमारे २१७ वेळा चालू-बंद होतो. शेजारच्या ॲम्प्लिफायरच्या वायरी हा झटका पकडतात आणि २१७ हर्ट्झची घरघर ऐकू येते. आपल्याला ती स्पीकरमधून ऐकू आली तरी वैताग यायचा. अण्णांचा ॲम्प्लिफायर तर कानातच होता! वर, रेंज कमी असली की फोन जास्त जोर लावतो आणि घरघर वाढते. अण्णा मोबाईल घेऊन गच्चीवर जायचे त्याचं कारण हे होतं. आम्ही हसायचो, की ओरडून बोलायचं तर गच्ची कशाला.

आता यातला माझा गुन्हा सांगतो.

त्या मशीनवर एक बारीक खटका होता. ओ, टी आणि एम. ओ म्हणजे बंद, एम म्हणजे माईक. टी म्हणजे टेलिकॉइल, तांब्याच्या तारेचं एक इवलंसं वेटोळं. जुन्या लँडलाइनच्या रिसीव्हरमधून आवाजाबरोबर चुंबकीय क्षेत्रही बाहेर पडतं. टी वर खटका ठेवला की मशीन माईक बंद करून थेट ते क्षेत्र पकडतं. खोलीतला गोंगाट नाही, शिट्टी नाही, फक्त पलीकडचा माणूस. मशीन विकणाऱ्यानं मात्र सांगितलं होतं, "तो खटका हलवू नका, बिघडेल." आता जॉबरला "हलवू नका" असं सांगून ठेवलं तर तो काय करेल? अण्णांनी दुसऱ्याच दिवशी हलवला. ट्यूबलाइटखाली नुसतं गुणगुणलं. मग कधीतरी लँडलाइनचा रिसीव्हर कानाला लावला, आणि आईच्या भावाचा आवाज स्वच्छ ऐकू आला!

हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. पण २०१० च्या सुमारास अण्णा फोनवर जरा जास्त बोलायला लागले होते. पावसापाण्याचं विचारायचे, ऑफिसात काय चाललंय विचारायचे. तेव्हा माझी मुलगी नुकतीच झाली होती. मला वाटलं, नातीमुळे म्हातारा मऊ झाला.

आणि २०११ मध्ये मी लँडलाइन बंद केली. दोघांकडे मोबाईल आहेत, कशाला डबल बिल? एक फॉर्म भरला, डिपॉझिट परत आलं, मी खूश. अण्णा काही बोलले नाहीत. फोन परत पंधरा सेकंदांवर आला.

२०१६ मध्ये आईचं पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. माझं त्या आठवड्यात रिलीज होतं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पोहोचणार होतो. ऑफिसच्या जिन्यात उभा राहून अण्णांना फोन केला. म्हटलं, साठ पाठवलेत, साठ हजार. पलीकडून "किती?" मी परत सांगितलं. पुन्हा "किती?" मी आवाज चढवून म्हटलं, "अहो साठ, साठ!" ते म्हणाले, "हां हां, कळलं," आणि ठेवला.

अण्णांनी ऐकलं होतं "आठ".

दिवाळीला त्यांच्या बोटात अंगठी दिसली नाही म्हणून विचारलं तर आईनं सांगितलं. आठ हजारांत भागणार नाही म्हणून त्यांनी अंगठी सोनाराकडे ठेवली होती. खात्याचं सगळं आईच बघायची आणि ती तर ऑपरेशन टेबलवर. नंतर पैसे दिसले, पण मी चिडेन म्हणून दोघंही गप्प. आणि मी चिडलोच! "परत विचारायचं नाही का?"

अण्णा म्हणाले, "दोनदा विचारलं की. तिसऱ्यांदा कसं विचारणार? तू घाईत हुतास."

अंगठी मी दुसऱ्या दिवशी सोडवून आणली. पण ते वाक्य काही सुटलं नाही. त्या रात्री पहिल्यांदा मी बसून वाचायला सुरुवात केली. बग माणसात नाही, लाइनमध्ये आहे, हे आपल्या धंद्यातल्या माणसाला तेरा वर्षं सुचू नये?

"साठ" मधला "स" हा वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज. त्याची बरीचशी ताकद ४००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याही वर असते. साधी टेलिफोन लाइन फक्त ३०० ते ३४०० हर्ट्झ पाठवते. म्हणजे "स" तारेतच अर्धा मरतो. आपण संदर्भावरून भरून काढतो, म्हणून आपल्याला कळत नाही. आणि सततच्या गोंगाटानं बिघडलेला कान सगळ्यात आधी कुठे जातो? ४००० हर्ट्झच्या आसपासच. उरलेला "स" तिथे गेला. "साठ" मधून "स" काढा, काय उरतं?

आणि मी काय करत होतो, तर ओरडत होतो. ओरडल्यानं "आ" मोठा होतो, "स" नाही. अण्णांना मी तीन वेळा "आठ"च सांगितलं होतं, दरवेळी जास्त जोरात.

त्यांचं "हां हां" म्हणजे पॅकेट मिळालेलं नसताना दिलेली ॲक्नॉलेजमेंट. नेटवर्किंगच्या पहिल्या धड्यात शिकतो आपण, की असं झालं तर पाठवणारा खुशाल समजतो, डेटा पोहोचला.

एवढं कळून मी लगेच सगळं दुरुस्त केलं असं लिहायला आवडलं असतं. पण नाही. रिलीजं होती, मुलीची शाळा होती, आणि आई होतीच ना मधे! २०२० च्या पावसाळ्यात आई गेली. आणि मग "घे" म्हणून फोन द्यायला अण्णांसमोर कुणी उरलं नाही.

त्यानंतर अण्णांनी एक नवीनच पद्धत काढली. रोज रात्री आठला फोन करायचे. मी उचलला की एका दमात, "मी बरा हाय. जेवलो. गोळी घेतली. ठेवतो." आणि कट. शुद्ध यूडीपी! पाठवून मोकळे, पोहोचलं की नाही ते बघायचं नाही. मी "अण्णा, ऐका तर" म्हणेपर्यंत लाइन बंद. दीड वर्ष मी हे रोज ऐकलं.

२०२२ मध्ये त्यांना पुण्याला आणून नीट तपासलं. ऑडिओलॉजिस्ट मुलगी तिशीची असेल. तिनं ग्राफ दाखवला, २००० हर्ट्झपर्यंत बरा आणि पुढे कड्यावरून उडी. मग मशीन दाखवायच्या आधी तिनं विचारलं, "आजोबा फोन कुठला वापरतात?" मला तिथेच तिच्या पाया पडावंसं वाटलं.

कारण हा सगळा कंपॅटिबिलिटीचा मामला आहे. ॲपलनं २०१३ पासून आयफोनला थेट जोडता येणाऱ्या मशीनची सोय केली आणि २०१४ मध्ये तशी मशीनं बाजारात आली. अँड्रॉइडची तशी सोय २०१९ मध्ये अँड्रॉइड १० बरोबर आली, पण सगळ्या फोनांत नाही. काही मशीनं नेहमीच्या ब्लूटूथवर, कुठल्याही फोनशी जुळतात. २०२० मध्ये एलई ऑडिओ नावाचं सगळ्यांसाठी एकच स्टँडर्ड जाहीर झालं. थोडक्यात, आधी मशीन घेऊन मग फोन बघितला तर फसायला होतं. दोन्ही एकत्र ठरवायचं, आणि दुकानातच कॉल लावून बघायचा. ज्यांचं मशीन जुनं आहे त्यांच्यासाठी गळ्यात घालायचा लूप मिळतो. तो फोनला जोडायचा आणि मशीन टी वर ठेवायचं. म्हणजे अण्णांनी स्वतः शोधून काढलेलाच उपाय!

आम्ही नेहमीच्या ब्लूटूथवाली जोडी घेतली. दोन्ही कानांना. किंमत विचारू नका, अण्णांनाही मी अर्धीच सांगितलीय. संध्याकाळी मी गॅलरीत जाऊन आतल्या खोलीत बसलेल्या अण्णांना फोन लावला.

"आरं! तू तर डोक्यात बोलायलायस की रे!"

मग म्हणाले, "थांब, ठेवू नको." आणि मागांविषयी बोलायला लागले. ते ज्यांच्यावर काम करायचे ते माग भंगारात कसे गेले, किलोवर. धोटा नसलेले नवे माग किती गुपचूप चालतात. आईला पहिल्यांदा शेड दाखवायला नेलं तेव्हा ती कान झाकून कशी उभी होती. सत्तावीस मिनिटं. मी गॅलरीत, ते खोलीत, मधे एक काचेचं दार.

सगळं सुरळीत झालं असं नाही. कधी मशीन टॅबलाच चिकटून बसतं आणि फोन आला की नुसती धांदल. चार्ज करायला विसरतात. फोन खिशात ठेवून चालता चालता बोलतात, त्यामुळे गल्लीत "म्हातारा एकटाच बडबडतो" अशी अफवा आहे. पण साध्या कॉलपेक्षा व्हॉट्सॲप कॉलवर त्यांना जास्त कळतं, कारण तिथे ३४०० हर्ट्झची भिंत नाही. ४जीवरच्या एचडी व्हॉइसमध्येही आवाज ७००० हर्ट्झपर्यंत जातो, आणि तो जुना घर्रर्रही बराच कमी झालाय. व्हिडिओ लावला तर मग अण्णा राजा! चाळीस फुटांवरचे ओठ वाचणारा माणूस, सहा इंचांचा स्क्रीन काय चीज आहे. फक्त नेट अडखळलं आणि ओठ मागे-पुढे झाले की शिवी देतात.

मीही काही गोष्टी शिकलो. ओरडायचं नाही, सावकाश बोलायचं. विषय आधी सांगायचा, "अण्णा, पैशांचं बोलतोय." आकडा सुटा सांगायचा, "सहा, शून्य." कानामागच्या मशीनचा माईक कानाच्या वर असतो, त्यामुळे ब्लूटूथ नसेल तर फोन भोकापाशी नाही, मशीनपाशी धरायचा. आणि "हां हां" आलं की विचारायचं, "किती म्हटलं मी?" याचा राग येतो. येऊ द्यावा.

असो. आज रविवार आहे. तुमच्याही घरी कुणीतरी दोन वाक्यांत फोन दुसऱ्याच्या हातात देत असेल, तर आज जरा लक्ष देऊन ऐका. दोन वेळा "काय?" म्हणून तिसऱ्यांदा "हां हां" म्हणतात का, ते बघा.

मला आता फोन ठेवावा लागतो. म्हणजे, हा लेख. आठ वाजत आले.