स्वारगेटला उतरणारा डबा

स्वारगेट म्हटले की आधी आठवतो तो एसटीचा स्टँड. सातारा, कोल्हापूर, सोलापूर, भोर, महाबळेश्वर... गाड्यांच्या घोषणा, फलाटावरची धांदल आणि बाहेर जेधे चौकातली न संपणारी वाहतूक! सप्टेंबर २०२४ पासून तर जमिनीखालून मेट्रोही इथवर येते. पण मैत्रिणींनो, आज मी तुम्हांला स्वारगेटला नेणार आहे ती गाडी पकडायला नव्हे. आपल्या घराघरातला एक प्रश्न घेऊन आपण तिथे जायचे आहे. तो म्हणजे शाळेतून जसाच्या तसा परत येणारा डबा!

पहाटे उठून निवडलेली, चिरलेली मेथी संध्याकाळी डब्यात तशीच दिसली की जीव कसा खट्टू होतो, ते आईलाच ठाऊक. मग आपणही हात टेकतो. ‘जाऊ दे, बटाटा तरी खातोय ना,’ म्हणून रोज बटाट्याची भाजी, नाहीतर जॅम लावून पोळी. असे करता करता मुलाला चारच चवी ठाऊक राहतात. वाढीच्या वयात लोह, कॅल्शियम, प्रथिने हवीत; ती एकट्या बटाट्यातून कुठून मिळणार?

या स्टँडने डबे पुष्कळ पाहिले आहेत बरं का! एक काळ असा होता, की शिकायला शहरात खोली घेऊन राहिलेल्या मुलांचे डबे आसपासच्या गावांतून एसटीने यायचे. आई पहाटे भाकरी थापायची, फडक्यात बांधलेला डबा गाडीवर द्यायची, आणि इकडे मुलगा स्टँडवर वाट बघत उभा असायचा. डब्यात असून असून काय असणार? भाकरी, पिठलं, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी. पण खोलीवर चौघांचे डबे एकदम उघडायचे, आणि घरी नाक मुरडलेली भाजी मित्राच्या डब्यातून आली की गोड लागायची. मुलांचे हे असेच असते. नवी चव त्यांच्या तोंडात जाते ती संगतीने, धाकाने नाही.

स्वारगेटहून दक्षिणेला निघालेला रस्ता जातो त्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली वसतिगृह काढले. सगळ्या जातींची मुले तिथे एका पंगतीला जेवत. मुलांच्या पोटात घास जावा म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा मोडले. शाळेतल्या पंगतीमागे अशी मोठी पुण्याई आहे.

पुढे १५ ऑगस्ट १९९५ ला केंद्र सरकारची शालेय पोषण आहाराची योजना सुरू झाली. सुरुवातीला मुलांना घरी न्यायला तांदूळ मिळे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेले गरम अन्न मिळू लागले. या योजनेचे माप आपणही ध्यानात ठेवावे असे आहे. पहिली ते पाचवीच्या मुलाला एका वेळी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य आणि ५० ग्रॅम भाजी. आता आपला डबा याच्याशी ताडून बघा. पोळ्या असतात हो, पण भाजी तेवढी असते का? आणि डाळ-कडधान्य? राज्याने २०२४ साली ठरवलेल्या पदार्थांत मोड आलेल्या मटकीची उसळ होती, मूग-शेवगा वरण-भात होता, नाचणीचे सत्त्वही होते. यातला एकही पदार्थ आपल्या स्वयंपाकघराला परका नाही.

तर आता चला, स्वारगेटहून दीड-दोन किलोमीटरवर गुलटेकडीच्या मार्केट यार्डात. मुलाला बरोबर घ्या, त्याच्या हातात त्याची वेगळी छोटी पिशवी द्या. गर्दी आणि हातगाड्या फार, तेव्हा बोट मात्र सोडू नका. थंडीत गेलात तर मटारचे ढीग, गाजरे, महाबळेश्वरकडची स्ट्रॉबेरी. पावसाळा सरताना सासवडकडची सीताफळे. भुसाराच्या दुकानात ज्वारी, बाजरी, नाचणीच्या राशी. ‘आई, हे काय गं लाल लाल?’ असे त्याने विचारले की निम्मे काम झाले! नाचणी मुठीत घेऊन बघू दे, शेवग्याची शेंग हातात धरून आपल्या उंचीशी मापू दे. मग सांगा, ‘यातली एक वस्तू तू निवडायची.’ स्वतः निवडलेल्या भाजीला ‘शी!’ म्हणणे मुलालाही जड जाते.

येताना वाटल्यास सारसबागेत तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घ्या, थोडे पळू-खेळू द्या. भुकेले मूल ताटातले खुसपट कमी काढते.

घरी आल्यावर निवडलेली भाजी पहिल्यांदाच डब्यात घालू नका. शाळेत वेळ थोडा, आणि चार मित्रांसमोर नवी चव नको वाटते. रविवारी घरच्या ताटात, आवडत्या पदार्थाशेजारी चमचाभर वाढा. मटार सोलणे, मटकी भिजवून तिला रोज मोड किती आले ते बघणे, ही कामे त्याच्याकडे द्या. खाल्ले तर ठीक, चाखून बाजूला ठेवले तरी रागवू नका. आहारतज्ज्ञ सांगतात, की एखादी नवी चव आवडायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही चाखावी लागते. आपण तर दुसऱ्या वेळीच ‘त्याला आवडतच नाही’ असे जाहीर करून मोकळ्या होतो!

‘भाजी संपव, मग चॉकलेट देते,’ हे तर मुळीच नको. त्याने भाजी ही शिक्षा ठरते आणि चॉकलेट बक्षीस. आणि हो, मुलांच्या बाबांनाही तीच भाजी वाढा. बाबांनी ताटात तोंडली बाजूला सारलेली मुलाला दिसली, की आपले सगळे सांगणे फुकट.

घरी ओळख पटली की मग तीच भाजी डब्यात. पण कोरडी, गार झाली तरी चांगली लागणारी, दोन घासांत पोळीबरोबर उचलता येणारी. मेथीचा ठेपला, मटकीची सुकी उसळ, गाजर-मटारचा पराठा, नाचणीचा लाडू. शक्य तर दोन घास जास्तच घाला. मधल्या सुट्टीत शेजारच्याचा हात डब्यात येणारच, आणि कोणा दुसऱ्या आईचे मूल तुमच्या हातची मेथी पहिल्यांदा चाखेल!