मातीचा बैल

कॉलेजात प्रवेश घेताना अर्जात एक रकाना होता, ‘वडिलांचा व्यवसाय’. मी त्यात ‘शेती’ असे लिहून टाकले. ते अगदीच खोटे होते असे नाही, पण खरेही नव्हते. त्या एका शब्दामागे एक मातीचा बैल उभा आहे. त्याचीच ही हकिकत.

माझे गाव फुलंब्री तालुक्यात. तिसरीत असताना पोळ्याच्या तोंडावर गुरुजींनी कार्यानुभवाच्या तासासाठी मातीचे बैल करून आणायला सांगितले. आबांनी मला सारे शिकवले. ओढ्याकाठची चिकणमाती आणायची, खडे वेचून मळायची, तडकू नये म्हणून तीत थोडा कापूस घालायचा. पायांत काड्या खुपसल्या म्हणजे बैल खाली बसत नाही. वशिंड मागाहून चढवायचे. डोळ्यांच्या जागी ज्वारीचे दाणे, शिंगांना गेरू. माझा बैल असा झाला की आता हंबरतो की काय!

वर्गात गुरुजी एकेकाला विचारीत होते, “बैलाचं नाव काय? कोणाचा?” मी ताठ मानेने म्हणाले, “सर्जा. आमचा.” मागून मालकांचा मुलगा ओरडला, “गुरुजी, सर्जा आमचा हाय! हिचा बाप आमच्याकडं सालानं हाय!” सारा वर्ग हसला. मी बैल दप्तरात कोंबला. घरी येईपर्यंत त्याचा एक पाय मोडला होता.

आबांना सांगितले, तेव्हा ते मोडका पाय ओल्या मातीने सांधत म्हणाले, “खरंच बोललं ते पोरगं. बैल त्यायचाच हाय. पर हाक माझी वळखतो.” पुढे काही बोलले नाहीत.

पाडव्याला साल ठरायचे, ते पुढच्या पाडव्यापर्यंत. तेवढे वर्ष आबांचा दिवस मालकांचा आणि रात्रही मालकांची. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण असे. आबा बैलांना ओढ्यावर धूत आणि जुवाने घट्टे पडलेल्या त्यांच्या खांद्यांना लोणी-हळद चोळीत. श्रावणी अमावास्येला झुली, गोंडे, घुंगरमाळा, बेगड अशा थाटात बैल तोरणाखाली जात. कासरा आबांच्या हाती, फेटा मालकांच्या डोक्याला. परतल्यावर मालकीणबाई बैलांचे पाय धूत, पुरणपोळी चारीत. वर्षभर राबणाऱ्या मुक्या जिवाचे ऋण मानायचे, किती थोर कल्पना! पण पोती वाहून आबांच्या खांद्यालाही घट्टा पडला होता. त्याला लोणी लागलेले मी कधी पाहिले नाही. त्यांना एक टोपी मिळे आणि गोठ्याच्या दारात ताट.

पुढे मालकांनी ट्रॅक्टर घेतला, सर्जा बाजारात गेला. आबा त्या रात्री जेवले नाहीत. आता ते रोजंदारीवर जातात.

यंदा राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही काही मुली पोळ्याच्या आदल्या दिवशी वाळूजच्या एका प्राथमिक शाळेत गेलो. 1985 साली तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला आणि त्या भोवती गावोगावची माणसे येऊन वसली. त्यांच्या मुलांना आम्ही मातीचे बैल करायला शिकवले. फळ्यावर शेपूट नसलेला बैल काढून, डोळे बांधून खडूने शेपूट लावण्याचा खेळ घेतला. कुणाचे शेपूट शिंगाला, कुणाचे थेट फळ्याबाहेर! नागपूरकडच्या तान्ह्या पोळ्याचीही माहिती सांगितली. तिथे मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात आणि बोजारा मागतात. मुले खूश होती.

एका मुलाने मात्र बैलाशेजारी एक ओबडधोबड माणूस केला होता. डोक्यावर मातीचा गोळा. “हा कोण रे?” मी विचारले. “पप्पा. ते गोण्या उचलतात,” तो म्हणाला. मग हळद-कुंकवाची वाटी पुढे ओढीत त्याने विचारले, “ताई, यांना पण लावू ना?”

मी नुसती मान हलवली. माझ्या तोंडून शब्द फुटेना.

नोव्हेंबरात इंग्रजीच्या तासाला सरांनी अमेरिकेतल्या ‘थँक्सगिव्हिंग’बद्दल सांगितले. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी हा सण येतो. तिथल्या शाळांत लहान मुले कागदावर आपला पंजा ठेवून रेघ मारतात. अंगठ्याचे डोके आणि बोटांची पिसे करून टर्की पक्षी रंगवतात. 1621 साली प्लिमथ येथे इंग्लंडहून आलेल्या वसाहतवाल्यांनी पीक हाती आल्यावर मेजवानी केली, तीत वाम्पानोआग लोकही जेवले, अशी त्यामागची कथा. 1863 साली लिंकन यांनी त्याला राष्ट्रीय सणाचे रूप दिले. पण ज्यांच्या साह्याने ती वसाहत तगली त्यांच्याच जमिनी पुढे गेल्या. म्हणून 1970 पासून तिथले मूळ रहिवासी प्लिमथलाच त्या दिवशी शोकदिन पाळतात.

सर बोलत होते आणि मला गोठ्याच्या दारातले ते ताट दिसत होते. आभार मानणाऱ्यांच्या पंगतीबाहेर कोणी ना कोणी राहतेच, मग ती पंगत प्लिमथची असो की फुलंब्रीची. पण आबांचे आभार कोणी मानले नाहीत म्हणून मालकांकडे बोट दाखवताना मला माझा अर्ज आठवला. मी तरी काय केले होते? त्यांच्या कष्टावर शिकायला आले आणि पहिल्याच कागदावर त्यांचे काम लपवले. तिसरीतल्या त्या हसण्याला मी एकोणिसाव्या वर्षीही भीत होते.

दिवाळीत घरी गेले होते तेव्हा तो मातीचा बैल मी इकडे घेऊन आले. वसतिगृहाच्या खिडकीत तो उभा आहे. सांधलेला पाय अजून भक्कम आहे.

अर्ज आता कार्यालयाच्या कुठल्याशा फायलीत असेल. त्यातली चूक मी इथेच दुरुस्त करते. वडिलांचा व्यवसाय : सालगडी.