चढाचा जिल्हा

गुरुवार. चिंचणी ते अशेरीचा पायथा

मागच्या भागात सायकली, टायर आणि ब्रेक यांच्या तयारीबद्दल लिहिलं होतं. आज निघालो. भाद्रपद सरत आलाय, पाऊस मागे हटतोय, पण वाटा अजून ओल्या आहेत. आमच्या वाटाड्याने आधीच बजावलं होतं, सुरुवात बोईसर स्टेशनवरून करायची नाही, चिंचणीच्या किनाऱ्यावरून करायची. “ताई, समुद्रापासून निघालं की किती चढलो ते मांड्याच सांगतात.” तो खोडाळ्याकडच्या एका पाड्यावरचा, वारली, विशीतला. लावणी आणि कापणी यांच्या मधल्या दिवसांत बाहेरून येणाऱ्या सायकलवाल्यांना जंगलातून नेतो. त्याची सायकल मागच्या एका गटाने जाताना त्याला देऊन टाकलेली. पुढच्या फोर्कला सस्पेन्शन, मागे काही नाही, सीटचं कव्हर सुतळीने बांधलेलं.

तारापूरच्या किल्ल्याच्या भिंतीला लागून गेलो. १७३९ च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या फौजेने तो पोर्तुगीजांकडून घेतला, आणि त्याच लढाईत बाजी भिवराव पडले. त्यापुढे अणुवीज केंद्राचा परिसर. १९६९ मध्ये इथून वीज निघू लागली, देशातली पहिली अणुवीज. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं जागची उठली. या भागात राहणाऱ्याला केंद्र आणि ही दोन नावं एकदमच आठवतात.

एमआयडीसीत शिरलो तेव्हा पाळी सुटत होती. रस्ताभर सायकली. जाड टायरच्या, गियर नसलेल्या, हँडलला डबा अडकवलेल्या. रात्रभर उभं राहून काम केलेली माणसं त्यांवरून खोलीकडे चालली होती. हेल्मेट घातलेला आमचा घोळका पाहून एक जण ओरडला, “कुठपर्यंत?” सूर्यमाळ म्हटल्यावर त्याने ब्रेकच लावला. तो मोखाड्याचाच निघाला. “मी एसटीने खाली आलो, तुम्ही सायकलने वर जा!” असं म्हणून त्याने आमच्या वाटाड्याशी त्यांच्या बोलीत बराच वेळ गप्पा मारल्या.

बेटेगाव, नागझरी करत चिल्हार फाट्याला आलो. ट्रकच्या धुरळ्यातला हा टप्पा लिहिण्याजोगा नाही. पहाटे उरकावा, हे बरं.

शुक्रवार. अशेरी

सायकली खडकोण्यात एका ओटीवर ठेवल्या आणि गड पायी चढलो. चाकं कुठे न्यायची नाहीत हे ठरवणं वाटाड्याचं काम, आणि त्यात त्याने आमच्याशी चर्चा केली नाही. तेच योग्य होतं. वरच्या टप्प्यात कातळातल्या खोबणीत हातपाय रोवून चढावं लागतं.

दरवाज्याजवळ पोर्तुगीजांचं राजचिन्ह कोरलेला दगड आहे. समुद्रावर जगणाऱ्या या माणसांना इतक्या आत, पाचशे मीटर उंचीच्या डोंगरावर काय हवं होतं? साग. अशेरीच्या भोवतालच्या रानातलं लाकूड वसईकडे जायचं आणि त्याची जहाजं व्हायची. गडाच्या कड्यावरून पश्चिमेला पाहिलं की समुद्र, पूर्वेला जव्हारच्या डोंगरांच्या ओळी. इथली झाडं उताराने समुद्राकडे गेली, हे वर उभं राहिल्यावर सांगावं लागत नाही. आज खाली उरलेल्या सागाच्या पानांची किड्यांनी जाळी केलेली आहे. पाऊस सरताना साग असाच दिसतो, झाड मेलेलं नसतं.

दुपारी पायथ्याच्या गाडीवाटेवर शाळा भरली. उतारावर दोन्ही पेडल सपाट ठेवायची, सीटवरून उठायचं, अंग मागे न्यायचं. ब्रेकवर दोनच बोटं, आणि पुढचा ब्रेक एकदम आवळायचा नाही. “दगडाकडे बघू नका ताई, दगडाच्या शेजारच्या वाटेकडे बघा. नजर जाईल तिकडेच चाक जाणार.” टायरमधली थोडी हवा त्याने सोडायला लावली, म्हणजे रबर ओल्या दगडाला धरून राहतं. तासाभरात माझ्या खांद्यांतला ताठरपणा गेला. उताराची भीती मला आयुष्यभर होती, ती आज निम्मी झाली असं मनापासून वाटतं.

शनिवार. तलवाडा, विक्रमगड, जव्हार

चारोटी, कासा, सूर्या नदी. नदीवर वर धामणीचं धरण आहे. त्याचं पाणी वसई-विरारच्या नळांना जातं. पुढे तलवाडा.

तलवाड्याला मी थांबायला लावलं. १० ऑक्टोबर १९४५ ला इथे जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला. जेठ्या गांगड आणि त्यांचे सोबती पडले. शामराव आणि गोदावरी परुळेकरांनी त्या वर्षी किसान सभेच्या बावट्याखाली वारल्यांना उभं केलं होतं. वेठ करणार नाही, लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी जन्मभर सावकाराच्या घरी राबणार नाही, गवत कापायला नीट मजुरी हवी, एवढंच मागणं. आमचा वाटाड्या हे सगळं जाणून होता. त्याच्या आजोबांनी त्याला सांगितलेलं. तो गोष्ट सांगत असताना आम्ही हेल्मेट काढून उभे होतो. कुणी काढा म्हटलं नव्हतं.

विक्रमगड सोडलं आणि खरा घाट लागला. दक्षिण अमेरिकेत बोलिव्हियातला युंगास रस्ता सायकलवाल्यांत जगभर प्रसिद्ध आहे. साडेचार हजार मीटरहून जास्त उंचीच्या बर्फगार खिंडीत गाडी माणसांना आणि सायकलींना पोचवते, आणि तिथून वाटाड्यामागोमाग सुमारे बाराशे मीटरपर्यंत, दमट जंगलात उतरायचं. थंडी, ढग, मग केळीची झाडं. तो प्रवास मला कधी घडला तर आनंदच आहे. पण वर गाडीने जाऊन फक्त उतरणं आणि स्वतःच्या दमाने चढणं यांत मी चढच निवडीन. चढताना माणूस मुलुखाकडे बघतो. आठ-नऊ किलोमीटरच्या वेगाने जाताना भाताच्या वासातला फरक कळतो. खाली लोंब्या वाकल्या होत्या, वर अजून दुधात होत्या. खाली भातखाचरं, वर नाचणी आणि वरई. चिखलातलं पाणी गेलं आणि लाल माती आली. सगळ्यात हलक्या गियरवर पाय फिरत होते, श्वास मात्र सारखा तुटत होता. वाटाड्या शेवटच्या माणसाच्या मागे राहिला, एकदाही पुढे गेला नाही.

जव्हार साडेचारशे मीटरच्या आसपास. मुकणे घराण्याचं संस्थान, परंपरेने १३४३ पासूनचं, १९४८ मध्ये विलीन झालेलं. शिर्पामाळावर गेलो, १६६४ च्या सुरतेच्या स्वारीला जाताना शिवाजी महाराज जिथे थांबले ती जागा. राजवाडा बाहेरून पाहिला. पाय बोलत होते, म्हणून एवढंच.

रविवार. जव्हार ते मोखाड्याच्या अलीकडचा पाडा

ज्या दिवसासाठी सगळी खटपट केली तो हा दिवस. डांबरी रस्ता सोडला आणि पाड्यांना जोडणाऱ्या पायवाटांवर उतरलो. सायकलसाठी मुद्दाम आखलेली वाट या जिल्ह्यात मला ठाऊक नाही. पण शाळेला, विहिरीला, बाजाराला, लाकडाला जाणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या चालून घडवलेली जी वाट आहे, तिला वळण कुठे हवं आणि पावसाचं पाणी कुठून जाईल याचं भान असतं. चढ अंगावर आला की वाट तिरकी होते. ओढ्याला उतार मिळेल तिथेच ओलांडते. ऐन, धावडा, मोह, बांबू. मधूनच माळ उघडा होतो आणि तेरड्याचा गुलाबी रंग डोळ्यांत भरतो.

वाटाड्याचे नियम त्याने सकाळीच सांगितले होते. बांधावर सायकल चालवायची नाही, खांद्यावर घ्यायची. मोळी घेऊन येणारी बाई दिसली की आपण वाटेबाहेर व्हायचं, कारण ती थांबली तर ओझं पुन्हा डोक्यावर घ्यायला तिला कुणीतरी लागतं. काटेरी झापा उघडला तर मागच्याने लावायचा, नाहीतर गुरं भातात शिरतात. आणि वाघोबाच्या शेंदरी दगडाशी उतरून चालायचं. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला इथे पूजा होते. बिबट्या या रानात अजून आहे, त्यामुळे हा नमस्कार जुन्या काळापुरता नाही. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक गटाने हे नियम पाठ करूनच यावं, असं मी आग्रहाने लिहिते.

दुपारी ओढ्याच्या पुढच्या उतारावर आमच्यातल्या एकाचं मागचं चाक घसरलं आणि त्याचा डिरेलर दगडावर आपटून वाकला. वाटाड्याने चेन तोडली, दुवे कमी केले, एकाच गियरवर जोडली आणि वीस मिनिटांत सायकल चालती केली. हे कुठे शिकलास, विचारलं. “एमआयडीसीत एक वर्ष फिटरच्या हाताखाली होतो.”

मुक्काम कुडाच्या घरात. नाचणीची भाकरी, सुकटीची चटणी, उडदाची आमटी. जेवणानंतर पलीकडच्या पाड्यावरून तारपा ऐकू आला. भात पिकत आला की तारपा बाहेर निघतो आणि दिवाळीपर्यंत वाजतो. आम्ही गेलो. वर्तुळात पाय टाकायला जमेना, तरी दोन बायकांनी मला मधे घेऊन कंबरेला हात घातला आणि सोडलं नाही.

सोमवार. सूर्यमाळ, खोडाळा

सूर्यमाळ जिल्ह्यातल्या सगळ्यात उंच वस्त्यांपैकी एक. सकाळी ढग वाटेवरच होते, दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं. ते फाटले तेव्हा खाली वैतरणेचं खोरं दिसलं. या तालुक्यात कोचाळ्याजवळ मध्य वैतरणा धरण आहे, १०२ मीटर उंच. पाणी मुंबईचं. मोखाड्याच्या पाड्यांना मात्र दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, आणि बाया हंडा घेऊन आटलेल्या विहिरीच्या तळाशी उतरतात. साग गेला, पाणी गेलं, आणि दिवाळी झाली की माणसं जातात. हा सगळा जिल्हा समुद्राकडे कललेला आहे आणि वरचं सगळं खाली जातं. पालघर २०१४ मध्ये वेगळा जिल्हा झाला तेव्हा वरच्या तालुक्यांना मोठी आशा होती. ती आशा खोटी ठरू नये, असं मला फार वाटतं.

खोडाळ्याच्या अलीकडे वाटाड्याच्या घरी चहा झाला. त्याचे वडील ओट्यावर विळे लावत होते. कापणी, मळणी, दिवाळी, आणि मग सगळं घर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर, होळीपर्यंत. उचल आधीच घेतलेली. “तूही जातोस?” मी विचारलं.

“मागच्या साली गेलो. यंदा पार्टी मिळाली तर नाही जाणार. पावसात सगळे येतात ताई, धबधबे बघायला. दिवाळीनंतर कोण येतं?”

खरं तर दिवाळीनंतरच या वाटा सायकलला उत्तम. चिखल वाळलेला, गवत पिवळं, हवा थंड, ओढे पायाच्या घोट्याएवढे. आम्ही तिथेच बसून तारखा काढल्या. मार्गशीर्षात आमचाच दुसरा गट, पौषात पालघरच्या एका शाळेची नववीची मुलं, त्यांच्यासाठी सूर्यमाळ ते देवबांध हा सोपा टप्पा. दिवसाचे पैसे किती, हे त्याने ठरवलं, आणि निम्मे आम्ही आगाऊ दिले. त्याच्या वडिलांनी विळा बाजूला ठेवून विचारलं, मुलं किती, जेवायला काय लागेल, कोंबडी चालेल का. त्याची आई आतून म्हणाली की नाचणी पुरेल, तांदूळ मात्र घेऊन या.

उद्या विहीगावच्या उताराने कसारा स्टेशन. ते पुढच्या भागात.