पाणी प्यालेलं इंजिन

22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं आणि पुढे बरेच दिवस आमच्या जिल्ह्यातल्या गॅरेजवाल्यांना दुसरं काम सुचलं नाही. रत्नागिरीत माझ्याकडेही गाड्या टोचन करून आल्या. चिखल धुणं, वायरिंग सुकवणं हे वेळखाऊ, पण सरळ काम. डोकेदुखी होती ती पाणी ओसरल्यावर मालकांनी ‘बघू तरी’ म्हणून सेल्फ मारून पाहिलेल्या गाड्यांची.

दोन लिटरचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन घ्या. एका सिलिंडरच्या वाट्याला 500 सीसी येतात. कॉम्प्रेशन 17 ला 1 धरलं, तर पिस्टन पूर्ण वर आल्यावर उरते साधारण 31 सीसी जागा. मोजून दोन मोठे चमचे! हवा तेवढ्यात मावते, पाणी दाबलं जात नाही. नुसत्या सेल्फवर इंजिन बहुधा अडून थांबतं. पण बाकीच्या सिलिंडरांनी पेट घेतला की क्रँक त्या अडलेल्या पिस्टनलाही वर रेटतो, आणि मधला कनेक्टिंग रॉड वाकतो.

वाकलेला रॉड नजरेला सरळच दिसतो, हीच त्याची लबाडी. पाणी काढून, ऑइल बदलून गाडी चालू होते, मालक खूश होतो. मग कधीतरी आंबा घाटाच्या चढाला तोच रॉड तुटतो आणि ब्लॉक फोडून बाहेर येतो. म्हणून हेड उतरवल्यावर मी प्रत्येक पिस्टन पूर्ण वर आणून डायल गेजने त्याची उंची बघतो. एखादा शेजाऱ्यांपेक्षा अर्धा मिलिमीटर जरी खाली राहिला, तरी त्याचा रॉड गेला म्हणायचा. वाकलेले रॉड प्रेसवर सरळ करून देणारे आहेत. तसला रॉड मी बसवत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल.

नवे पिस्टन-रॉड बसवण्याआधीचं महत्त्वाचं काम म्हणजे धुणं. होनिंग केलेल्या बोअरच्या बारीक रेघांत दगडाची भुकटी अडकून राहते, ती पेट्रोलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश, पांढरं फडकं पांढरंच बाहेर येईपर्यंत. आणि लगेच ऑइलचा हात. आमच्या खाऱ्या, दमट हवेत पावसाळ्यात उघडं बिडाचं बोअर सकाळपर्यंत लाल होतं.

रिंग आधी नुसतीच बोअरमध्ये घालायची, पिस्टनच्या माथ्याने आडवी सरळ करायची आणि तोंडातली फट फिलर गेजने बघायची. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि रिंग बोअर ओरबाडते. पिस्टनवर चढवताना रिंगेवरची खूण वर, आणि तिन्ही तोंडं एका रेषेत येऊ द्यायची नाहीत. पिस्टनवरचा बाण टायमिंगच्या बाजूला. रॉडला बोल्ट असतील तर त्यांवर रबरी नळीचे तुकडे चढवतो. नाहीतर आत जाताना त्यांचे आटे क्रँकच्या जर्नलवर ओरखडा काढतात.

मग रिंग कॉम्प्रेसर आवळून हातोडीच्या लाकडी दांड्याने हलके ठोके. पिस्टन अडला तर तिथेच थांबायचं. एखादी रिंग निसटून ब्लॉकच्या काठावर बसलेली असते, आणखी एक ठोका मारला की ती तुटते. नवशिक्या पोरांची परीक्षा इथेच होते.

कॅप ज्या रॉडची त्याच रॉडला, नंबर एका बाजूला. हल्लीच्या पुष्कळ इंजिनांत रॉड अखंड बनवून मुद्दाम तडकवलेला असतो. त्या खरबरीत कडा आपल्याच जोडीदाराशी जुळतात, दुसऱ्याशी नाही. टॉर्क पाना टप्प्याटप्प्याने, बोल्ट ताणाचे असतील तर नवेच. प्रत्येक कॅप आवळल्यावर क्रँक हाताने फिरवून बघायचा. तिसऱ्यापर्यंत नीट फिरला आणि चौथ्याला जड झाला, तर दोष कुठे आहे ते कळलं. चारही आवळून मग फिरवणारा सगळं पुन्हा खोलत बसतो.

एवढा खटाटोप त्या एका सेल्फपायी. गाडी पाण्यात बुडाली असेल तर चावीला हात लावू नका. बॅटरीची वायर काढा आणि टोचन करून गॅरेजला आणा. साध्या विम्यात पाण्याने झालेलं इंजिनाचं असं नुकसान सहसा धरत नाहीत, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं वेगळं कव्हर असतं. कोकणात गाडी ठेवणाऱ्यांनी आपल्या पॉलिसीत ते आहे का, हे पावसाळ्याआधी बघून घ्यावं.