घर म्हणजे नक्की किती?

सध्या नात्यातल्या बायका मला एकच प्रश्न विचारतात. पूर्वी मुलांच्या शुद्धलेखनाबद्दल विचारायच्या, आता म्हणतात, "अगं, तुमच्या त्या खात्यावर आम्हालाही सिनेमे पाहता येतील का?" म्हटलं, एकदा इथेच लिहून टाकावं, म्हणजे दर वेळी तोंड दुखायला नको!

तर मंडळी, नेटफ्लिक्सचंच उदाहरण घ्या. एका खात्यात पाच प्रोफाइल करता येतात, पण म्हणून पाचही जण एकाच वेळी पाहू शकतील असं नाही. एकदम किती पडद्यांवर चालेल ते वर्गणीवर ठरतं. दोन पडद्यांची वर्गणी असेल आणि सून नि नातू आधीच बसलेले असतील, तर आजीनं खुशाल जपमाळ घ्यावी. पासवर्ड एकाला दिला की दहा जणांकडे जातो, तेव्हा तो अधूनमधून बदलावा. जुना फोन विकण्याआधी खात्यातून बाहेर पडावं. झालं.

खरी गंमत 'घर' या शब्दात आहे. मार्च २०१७ मध्ये याच कंपनीनं ट्विटरवर, प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणं, अशा अर्थाचं लिहिलं होतं. जुलै २०२३ मध्ये मात्र भारतातल्या लोकांना कळवलं, की खातं एका घरापुरतंच. आणि घर म्हणजे काय, तर एका ठिकाणच्या इंटरनेटला जोडलेली यंत्रं! प्रवासात पाहिलेलं चालतं, पण दुसऱ्या गावी राहणारी लेक घरातली नाही.

नियमाबद्दल माझी तक्रार नाही. सिनेमा करायला पैसे लागतात, आणि मी स्वतः चौतीस वर्षं वर्गात नियमच सांगितले. पण वाचनालयाच्या एका वर्गणीवर आमचा अख्खा वाडा दिवाळी अंक वाचायचा, तेव्हा कुणाची चूल कुठे ते ग्रंथपाल विचारत नसत. अंक वेळेत परत आला की झालं. असो.

आमच्या वन्सं सांगलीला एकट्या राहतात, आम्ही पुण्याला. त्या आमच्याच खात्यावर पाहायच्या. (कुठल्या कंपनीचं ते राहू दे.) त्यांचा टीव्ही मधूनच कोड मागायचा आणि तो यायचा ह्यांच्या फोनवर. थोड्याच मिनिटांत बाद होणारा, म्हणून वन्सं घाईघाईनं फोन करायच्या. कोड सांगून व्हायचा, नि मग अर्धा तास गुडघे, तूरडाळीचा भाव, मामंजींच्या वेळचं घर... एरवी 'तुम्ही कामात असाल' म्हणून फोन न करणारी ही बाई कोडच्या निमित्तानं आठवड्यातून दोनदा बोलायची.

गेल्या वर्षी आमच्या लेकानं आत्याला स्वतंत्र वर्गणी भरून दिली. चांगलंच केलं. पण फोन थांबले. तीन आठवडे वाट पाहून शेवटी मीच लावला. "वन्सं, ती पोलिसांची मालिका कुठवर आली?"

"तुम्ही चौथा भाग पाहिलात? नाही ना? मग मी काही सांगायची नाही!"

तेव्हापासून दर गुरुवारी रात्री आम्ही दोघी आपापल्या गावी एकच भाग पाहतो आणि संपला की फोन. गेल्या गुरुवारी त्यांच्याकडचं इंटरनेट गेलं होतं. मग काय, अख्खा भाग मीच फोनवरून सांगितला, अगदी पार्श्वसंगीतासकट!